लामा मास्तरांचा डावा पाय

एक

लामा मास्तर सोमवारी सकाळी मरून पडलेले सापडले आणि मंगळवारी दुपारी मनकर्णा माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. मी दिनकरराव पाठक, परभणीच्या तहसीलीसमोर कडुनिंबाखाली बसणारा अर्जनवीस. लोकांची रडगाणी सरकारला पचतील अशा भाषेत टाइप करण्यात माझी तीस वर्षं गेली. या धंद्यात माणसाच्या तोंडाकडे बघायची सवय सुटते, नजर थेट त्याच्या हातातल्या कागदाकडे जाते. या पोरीच्या हातात कागद नव्हता, त्यामुळे मला वर बघावं लागलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

ती डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. मास्तरांच्या कुंग फूच्या क्लासात तीन मुली होत्या, त्यांतली ही सगळ्यांत जुनी. पंच्याऐंशी साल संपत आलं होतं आणि गावात कुंग फूचं असं खूळ भरलं होतं, की टॉकीजमधून बाहेर पडणारं पोरगं पहिली लाथ टॉकीजच्याच दाराला घालायचं. मास्तरांचा क्लास मात्र या खुळाच्या आधीपासूनचा. किशनरावांची कापसाची जुनी शेड होती, तिच्यात तो चालायचा आणि मास्तर राहायचेही तिथेच. दार्जिलिंगकडचे लामा, हिंदीशिवाय बोलायचे नाहीत, एवढीच गावाला त्यांची माहिती.

किशनरावांचा मुलगा दत्ता रोज सगळ्यांत आधी क्लासला यायचा. सोमवारी त्यालाच मास्तर फरशीवर पडलेले दिसले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्यात संशयाला काही जागा नव्हती. शेडच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं सर्टिफिकेट होतं, हिमालयन शाओलिन संस्था, कालिम्पाँग. फौजदारांनी त्या पत्त्यावर तार केली. उत्तर आलं, की अशी संस्था नाही आणि असा माणूसही नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत वारस आला नाही, तर प्रेत बेवारस म्हणून नगरपालिकेच्या ताब्यात जाणार होतं.

"काका, पाच वर्षं शिकलो आमी त्यांच्याकडं," मनकर्णा म्हणाली. "असा माणूस बेवारस कसा जाईल? त्यांचे गुरू कुठंतरी असतीलच की. गुरू सापडले तर घर सापडंल. तुमाला कागदातलं लय कळतं म्हणत्यात. त्या सर्टिफिकेटचं मूळ कुठंय, तेवढं सांगा."

मी चष्मा काढून पुसला. ते सर्टिफिकेट बघायला शेडमध्ये जायची मला गरज नव्हती.

"मूळ इथंच आहे पोरी," मी म्हणालो. "ते मी टाइप केलं, याच टेबलावर."

दोन

ऐंशीच्या उन्हाळ्यात बावीस-तेवीस वर्षांचा एक शिडशिडीत पोरगा माझ्याकडे आला होता. पांढरा शर्ट, बारीक डोळे, आणि बोलणं अगदी आपल्या मुलखातलं. आपण कुंग फू लांब कुठंतरी शिकलो, असा त्याला कागद हवा होता. खरं कुठं शिकलास, असं मी विचारलं. तो म्हणाला, खरं सांगून बघितलं, चार ठिकाणी जागा मागितली, आडनाव सांगितलं की जागा आधीच भरलेली निघते.

पुढचं विचारायची मला गरज पडली नाही. विद्यापीठाच्या नावावरून अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्या काळात आडनाव आधी विचारलं जायचं, काम नंतर. मी त्याचं आडनाव विचारलं नाही आणि स्वतःला सभ्य समजलो. आज वाटतं, तो सभ्यपणा नव्हता, अंग चोरणं होतं. नाव कोणतं घालू, एवढंच मी विचारलं. तो म्हणाला, "कोणतंबी घाला, फकस्त बुद्धाच्या मुलखातलं असू द्या."

मी दोर्जी लामा असं नाव घातलं. कालिम्पाँग हे गाव शाळेच्या नकाशातून उचललं. आपल्या हुशारीवर त्या दिवशी मी भलताच खूश होतो. नंतरची पाच वर्षं तो रस्त्यात दिसला की हात जोडायचा, बोलायचा मात्र नाही. आणि आता माझ्या त्याच हुशारीपायी त्याची माणसं त्याच्यापर्यंत पोचू शकत नव्हती.

मनकर्णानं सगळं ऐकून घेतलं. माझ्या तोंडात मारली असती तरी मी काही म्हटलं नसतं. पण तिचं डोकं भराभर चालत होतं.

"म्हणजे मास्तर इथलेच," ती म्हणाली. "मग ते बोचकं."

मास्तरांच्या पत्र्याच्या पेटीत निळ्या फडक्यात बांधलेलं एक बोचकं असायचं. आत कागदच असावेत असं पोरांना वाटायचं, पण मास्तर ते कुणासमोर सोडायचे नाहीत. सोमवारी ती शेडमध्ये पोचली तेव्हा पेटी उघडी होती, किल्ली कुलपातच होती आणि बोचकं नव्हतं. पोलिसांनी ते लिहूनसुद्धा घेतलं नव्हतं, कारण पोलिसांना फ्रेममधला कागद पुरेसा होता.

खोटा कागद भिंतीवर राहिला होता आणि खरा कुणीतरी उचलला होता. मनकर्णाच्या आधी शेडमध्ये तिघंच गेले होते. एक दत्ता. दुसरे त्यानं बोलावून आणलेले त्याचे वडील किशनराव. तिसरा भगवानराव, समोरच्या तालमीचा वस्ताद, जो बोंब ऐकून धावत आला होता.

तीन

भगवानरावाकडे मी मंगळवारीच गेलो. याचं मास्तरांशी वैर उघड होतं. मास्तर आल्यापासून त्याच्या तालमीतली पोरं ओसरली होती आणि दारावर कराटेचा बोर्ड लावूनही परतली नव्हती. लाल मातीच्या हौद्याच्या काठावर तो एकटाच बसला होता. मी बोचक्याचं विचारलं, तर तो खिन्नपणे हसला.

"मला त्याचं बोचकं कशाला पायजे, पाठकसायब? लामाफिमा काय न्हाई, हे मला पयल्या म्हैन्यातच कळलं व्हतं. माणूस जवारीची भाकर कशी मोडतो त्याच्यावरून गाव कळतं."

मग बोलला का नाहीस, असं मी विचारलं. त्यानं मातीत बोटं फिरवली.

"कारण खेळ खरा व्हता त्याचा. कोणीतरी जीव लावून शिकवलेला. असा खेळ विकत घावत न्हाई. एकच खोड व्हती. काठी फिरवताना सातव्या पावलाला डावा पाय ओढायचा. मला वाटलं लंगडा हाय. पण रस्त्यानं तर सरळ चालायचा. आन् आता त्याची समदी पोरंबी ओढत्यात. गुपित डाव हाय म्हणत्यात. मला तर डाव दिसला न्हाई कधी त्याच्यात."

हा माणूस चोर नव्हता. एवढा मन लावून खेळ बघणारा माणूस आपल्या वैऱ्याचं बोचकं चोरत नाही, असं मला वाटलं. ते बरोबर निघालं, पण त्यात माझं काही कर्तृत्व नाही.

बुधवारी सकाळी किशनरावांकडे गेलो. पेडगावला त्यांची मोठी शेती, परभणीत गावाच्या कडेला ऐसपैस घर, मागे गोठा. माणूस अगत्याचा. पाच वर्षं मास्तरांचं जेवण याच घरातून गेलं आणि सणावाराला मास्तर यांच्याच पंगतीला बसायचे. किशनरावांच्या बायकोनं, रुख्मिणीबाईंनी, मास्तरांसाठी नांदेडहून कमळाचं फूल काढलेला एक चिनी मातीचा कप आणला होता. स्वयंपाकघराच्या फळीवर देवासमोरच्या निरांजनाशेजारी त्याची जागा असायची. मास्तरांचा कप म्हणून पोरं त्याला हातही लावत नसत. मी स्वतः दिवाळीच्या फराळाला गेलो होतो, तेव्हा तो तिथे बघितला होता.

किशनरावांनी मला बसवून घेतलं. परक्या मुलखातला माणूस, ठावठिकाणा लागणार नाही, उगीच प्रेताची आबाळ नको, नगरपालिकेनंच काय ते उरकावं, असं ते म्हणाले. आवाजात दुःख होतं आणि ते खोटं नव्हतं, म्हणून मी गोंधळलो. बोचक्याचं विचारलं, तर कसलं बोचकं, म्हणाले. दत्ता दाराशी उभा होता. त्यानं मान खाली घातली.

चहा आला. स्वयंपाकघरात फळी दिसत होती. निरांजनाशेजारी जागा रिकामी होती.

हात धुवायला म्हणून मी मागच्या दारी गेलो. गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. असा कोनाडा त्या काळी पुष्कळ घरांत असायचा. वस्तीवरची माणसं कामाला आली की त्यांना चहा द्यायचे कप तिथे वेगळे ठेवलेले असत. चहा प्यायचा, आपला कप आपण विसळायचा आणि पालथा घालून ठेवायचा. कोनाड्यात कानतुटके दोन कप होते.

त्यांच्या शेजारी, पालथा, कमळाचा कप होता.

चार

मी तसाच बाहेर पडलो. दिवाळीपर्यंत जो कप देवाशेजारी होता तो आता गोठ्यात होता. मास्तर कोण, हे त्या घराला सोमवारनंतर कळलं होतं आणि ते सांगणारी वस्तू गावात एकच होती. बोचकं किशनरावांनी नेलं होतं. माणूस मेला, आणि मेल्यावर त्याचा कप बाटला.

पण हे फौजदारांना सांगून काय उपयोग? पालथा कप हा पुरावा होत नाही. किशनरावांना पुन्हा विचारलं असतं तर ते बोचकं कुठं जिरलं तेही कळलं नसतं. आणि शुक्रवार परवावर आला होता. कागद हातचा गेला होता, तेव्हा कागदाशिवाय माणूस शोधायला हवा होता. तीस वर्षांत असलं काम मी केलं नव्हतं.

संध्याकाळी मी मनकर्णाला घरी बोलावलं आणि मास्तरांनी शिकवलेला काठीचा पहिला खेळ, सुरुवातीच्या नमस्कारापासून, जसाच्या तसा करून दाखवायला सांगितलं. माझी बायको कमलबाई ओट्यावर गहू निवडत बसली होती.

मनकर्णानं सलवार-कमीज घातला होता. ती पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. मास्तर नमस्कार नेहमी पूर्वेकडेच करायला लावायचे, चीन तिकडे आहे म्हणून, असं पोरं समजायची. मग तिनं उजवा हात कमरेमागून काहीतरी ओढल्यासारखा पुढे आणला आणि मूठ डाव्या कमरेशी दाबली. हा शाओलिनचा प्रणाम, असं तिनं सांगितलं.

"पदर नसताना पदर कशाला खोचतीस गं?" कमलबाई म्हणाली.

आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो. ती आपली गहू निवडत होती. बाईनं जड कामाला हात घालण्याआधी पदर कमरेला खोचावा तसाच तो हात फिरला होता, त्यात तिळमात्र फरक नव्हता. मला चाळीस वर्षं संसार करून ते दिसलं नव्हतं. मास्तरांचा गुरू बाई होती.

मग मनकर्णानं पावलं टाकली. शेडच्या फरशीवर मास्तरांनी चुन्याचे पट्टे ओढले होते आणि पाय पट्ट्यावरच पडला पाहिजे असा नियम होता. इथे पट्टे नव्हते, पण पाच वर्षांनी तिच्या पायांना मोजमाप पाठ झालं होतं. मी तिच्या पावलांच्या खुणांमधलं अंतर वितीनं मोजलं. तीन वीत. पुढचंही तीन वीत. लढणाऱ्यासाठी फार आखूड, नुसतं चालणाऱ्यालाही अवघड. अशी चाल मी एकदाच चाललो होतो. मिरखेलला गाडी बंद पडली होती आणि पिंगळीपर्यंत रुळांमधून यावं लागलं होतं. रुळांखालच्या आडव्या लाकडी स्लीपरवर पाय ठेवत, ना धड पाऊल ना धड उडी.

सातव्या पावलाला मनकर्णाचा डावा पाय ओढला गेला.

"मास्तरांचा पाय धड होता," मी म्हणालो. "भगवानराव खोटं बोलत नाही. मग हे ओढणं कुणाचं?"

उत्तर तिच्या तोंडावर उमटलं. मास्तरांनी जसं बघितलं तसं घेतलं आणि पोरांनी मास्तरांना बघून घेतलं. पाच वर्षं पन्नास पोरं कुणातरी बाईचं लंगडणं गुपित डाव म्हणून गिरवत होती.

क्लास गुरुवारी बंद असायचा. गुरुवारी गुरूला भेटायचं असतं, असं मास्तर म्हणायचे, आणि पोरांना वाटायचं ते ध्यानाला बसतात. मनकर्णाला आता आठवलं, की शुक्रवारी मास्तरांच्या शर्टाच्या कॉलरवर कोळशाचे कण असायचे आणि डब्यात घरची जवसाची चटणी. कोळसा आगगाडीचा. पूर्वेकडे मोठं जंक्शन एकच, पूर्णा.

उद्या गुरुवार होता. आणि तिथे कुणीतरी वाट बघत बसणार होतं.

पाच

सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही पूर्ण्याला गेलो. धुकं होतं. मी मनाशी वाक्यं जुळवत होतो. दुसऱ्यांसाठी मी शेकडो अर्ज जुळवले, हे एक वाक्य काही जुळेना.

फलाटाच्या शेवटी, जिथे रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमनची अवजारं ठेवायची खोली आहे, तिथे एका दगडावर साठीची एक बाई बसली होती. नऊवारी लुगडं, अंगावर पुरुषी स्वेटर, बाजूला तेलपाणी दिलेली काठी, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकर. गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाकडे ती बघत होती. डबे रिकामे झाले तशी ती उठली आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाकडे निघाली. तिचा डावा पाय ओढत होता.

मला पुढे होववेना. मनकर्णा गेली. म्हातारीसमोर उभी राहून तिनं उजवा हात कमरेमागून पुढे आणला, मूठ डाव्या कमरेशी दाबली आणि तीन वितींच्या मापानं सात पावलं टाकली. सातव्याला पाय ओढला.

म्हातारी बघत राहिली.

"ह्ये तुला कोणी शिकवलं गं, बाई?" ती म्हणाली. मग तिची नजर माझ्याकडे गेली, माझ्या खाली घातलेल्या मानेकडे. "मिलिंद का न्हाई आला?"

सांगायचं काम मनकर्णानं केलं. मास्तर म्हणजेच मिलिंद, आणि ही त्याची आई सुलाबाई. ती रडली नाही. हातातल्या फडक्याची गाठ तिनं सोडली, भाकरीकडे बघितलं आणि पुन्हा गाठ मारली. असं दोनदा केलं. ते बघवलं नाही मला.

गँगचाळीतल्या बाया जमल्या. हळूहळू सगळं कळलं. सुलाबाईचा बाप गावाचा राखणदार होता. रात्री काठी घेऊन वेशीवर उभं राहायचं, वंशपरंपरेचं काम. छप्पन साली समाजानं बौद्ध धम्म घेतला आणि त्यानं गावकीचं काम सोडलं. "काठी गावाची व्हती, गावाला दिऊन टाकली. हात आपला हाय, त्यो कशाला द्यायचा?" असं तो म्हणायचा. त्याला मुलगा नव्हता, म्हणून खेळ लेकीला लहानपणीच दिला होता. लेक रेल्वेच्या गँगमनच्या घरी आली, नवरा गेल्यावर स्वतः गँगमध्ये लागली आणि एकदा स्लीपर उचलताना तो पायावर पडला. त्यानंतर तिनं मुलाला शिकवलं. जागा दुसरी नव्हतीच, गाड्यांच्या मधल्या वेळात रुळांमध्येच.

लामाचं तिला माहीत होतं. मुलानं येऊन हसत सांगितलं होतं. नाव बदललं तर बदल, खेळ बदलू नको, असं ती म्हणाली होती. मी कोण, हे मी तिला सांगितलं. माझ्याकडे नीट बघून तिनं विचारलं, कागद चांगला झाला होता ना. मला कुठं तोंड लपवावं कळेना.

सहा

दुपारी तिला आणि चाळीतल्या चार माणसांना घेऊन परत आलो. फौजदार वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्या रेकॉर्डला दोर्जी लामा मेला होता. मी तिथेच बसून लिहून दिलं, की सर्टिफिकेट खोटं आहे आणि ते मी केलं. माझं टेबल जाईल हे मला कळत होतं. त्यांनी ते वाचून बाजूला ठेवलं. यावरून तो लामा नव्हता एवढंच ठरतं, या बाईचा मुलगा होता हे कशावरून, असं ते म्हणाले. चाळीतली माणसं बाईच्याच बाजूची. त्यांना दोन्ही जोडणारा कागद हवा होता, नाहीतर दोन्ही जाणणारा गावातला साक्षीदार. मुदत उद्या संध्याकाळची.

मी किशनरावांकडे गेलो आणि बसलो नाही. कमळाचा कप गोठ्यात कसा गेला, एवढंच विचारलं.

ते खाली बसले, एकदम थकल्यासारखे.

"दाखला व्हता शाळेचा," ते म्हणाले. "आन् आईची दोन पत्रं. चुलीत घातलं समदं. पाच वर्षं माझ्या पंगतीला जेवला त्यो. दत्तानं रोज पाया पडल्यात त्याच्या. भावकीला कळलं तर पोराला पोरगी कोण दिईल?"

म्हातारी दवाखान्याच्या दाराशी बसली आहे, तिला मुलाचं तोंडसुद्धा बघू देत नाहीत, असं मी सांगितलं. उद्या खरं सांगा, एवढंच मागितलं.

"तुमी मला शिकवू नका, पाठकसायब. खोटं तुमी टाइप केलं, खरं मी जाळलं. आपल्या दोघांत जास्त पापी कोण, ते तुमीच लिहा."

निघताना दत्ता दारात दिसला. त्यानं सगळं ऐकलं होतं. सोमवारी बोचकं सुटलं तेव्हा तो तिथे होता, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं. पण तो बापाच्या घरात उभा होता.

सात

शुक्रवारी दुपारी दवाखान्यामागच्या आवारात क्लासची पोरं जमली. मनकर्णानं घरोघरी जाऊन निरोप दिला होता. मास्तर कोण होते हेही तिनं लपवलं नव्हतं, त्यामुळे पन्नासांतली एकोणीस आली. भगवानराव आला. नगरपालिकेची गाडी फाटकाशी उभी होती. किशनराव फौजदारांच्या शेजारी उभे होते, आणि दत्ता त्यांच्या मागे.

मी सुलाबाईला म्हटलं, "बाई, पोरांना एकदा खेळ दाखवाल का?"

मुलाचं प्रेत भिंतीपलीकडे असताना आईला काठी फिरवायला सांगणारा मी. पण ती उठली. तिनं पूर्वेकडे बघितलं नाही. ज्या भिंतीआड मुलगा होता तिकडे तोंड केलं, मागचा पदर ओढून कमरेला खोचला आणि काठी उचलली.

पहिल्या दोन पावलांना पोरं नुसती बघत होती. तिसऱ्या पावलाला मनकर्णा तिच्या मागे उभी राहिली, मग आणखी दोघं, मग सगळी. हुकूम कुणी दिला नव्हता. चौथं, पाचवं, सहावं. सातव्या पावलाला म्हातारीचा पाय ओढला, आणि तिच्यामागे एकोणीस डावे पाय एकदम मातीत घासले. तो आवाज मी विसरणार नाही. फौजदारांनी डोक्यावरची टोपी काढली.

घासण्याचा आणखी एक आवाज जरा उशिरा आला, बाजूनं. दत्ता रांगेत नव्हता. बापाच्या मागेच उभा होता, आणि त्याचा पाय तिथल्या तिथे ओढला गेला होता.

किशनरावांनी त्याचा दंड धरला. त्यानं तो हळूच सोडवला.

"सायब, माझी साक्ष लिहा," तो फौजदारांना म्हणाला. "पेटीत दाखला व्हता, मी वाचलाय. मिलिंद सटवाजी खंदारे, आईचं नाव सुलाबाई. माझ्या वडलांनी जाळला." मग तो सुलाबाईच्या पायांवर वाकला आणि त्याला उठताच येईना. तिनं काठी खाली ठेवून त्याला उठवलं.

सूर्य मावळायच्या आत प्रेत तिच्या ताब्यात मिळालं. तिरडीला खांदा देणाऱ्यांत दत्ता होता, भगवानरावही होता. किशनराव फाटकापासून परत गेले. तिसऱ्या दिवशी ते दोघे नवराबायको पूर्ण्याला जाऊन आले म्हणतात, पण तिथे कुणी काय बोललं ते मला माहीत नाही. क्लासला पुढे अकराच पोरं उरली. माझं टेबल काही दिवसांनी गेलंच आणि मी तक्रार केली नाही.

त्याआधी एक कागद मी टाइप केला. मनकर्णा आता क्लास चालवणार होती आणि तिला भिंतीवर लावायला हवा होता. शिकवणारे मिलिंद खंदारे, त्यांना शिकवणाऱ्या सुलाबाई, त्यांना शिकवणारा त्यांचा बाप, गावाचा राखणदार. शिक्का नव्हता. तो घेऊन मी पूर्ण्याला गेलो आणि सुलाबाईला वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला.

मग मी तिला म्हटलं, की पोरांना आता सांगायला हवं, सातव्या पावलाला पाय ओढायची गरज नाही, तो डाव नव्हे. तुमचा पाय दुखावला होता म्हणून तसं व्हायचं, मिलिंदच्या ते ध्यानात आलं नसेल.

"ध्यानात कसं येत न्हाई," ती म्हणाली. "मी त्याला लय येळा वरडले. म्हणलं, पाय उचल बाबा, ती माजी खोट हाय, तुजी न्हाई. तर म्हणायचा, आई, तुजं नाव तिथं कुटंच सांगता येत न्हाई मला. एवढं एक तरी राहू दे."